इस्लाममधले मध्यममार्गी आणि अतिरेकी विचारप्रवाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेचा. आयुष्यभर इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. इस्लामच्या आधुनिक विचारांवर बोलायला मिरज, तासगाव, कऱ्हाड, वाई अशा गावांतून बोलावणं येतं. व्याख्यान संपलं की माईकवर दोन-तीनच प्रश्न येतात. खरे प्रश्न बाहेर चपला घालताना विचारले जातात. विचारणारे हिंदू असतात तसे मुसलमानही असतात. तेच प्रश्न इथे उत्तरांसह मांडतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाई केली की खोटं बोलल्यासारखं होतं.

फरक नेमका कशात आहे? थोडक्यात सांगा.

एका प्रश्नावरून कळतं. स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या दुसऱ्या माणसाला "तू मुसलमान नाहीस" असं जाहीर करण्याचा, आणि त्यावरून त्याला शिक्षा करण्याचा अधिकार मला आहे, असं हा माणूस मानतो का? अशा जाहीर करण्याला तकफीर म्हणतात. आधुनिक अतिरेकी विचाराचा पाया हाच आहे. राज्यकर्ता काफिर ठरवायचा, मग त्याचा नोकर, मग त्याला मत देणारा, मग गप्प बसणारा. बॉम्ब फार नंतर येतो. म्हणूनच इराक, पाकिस्तान, अफगाणिस्तानात या लोकांनी मारलेल्यांत मुसलमानांचीच संख्या मोठी आहे.

मध्यममार्गी माणूस मतभेद सोडत नाही. समोरचा चुकतोय असं तो ठामपणे म्हणेल, पण त्याच्या ईमानाचा निवाडा अल्लाहवर सोडेल आणि शेजाऱ्याशी वागताना देशाचा कायदा व शेजारधर्म पाळेल.

म्हणजे दाढी, बुरखा, पाच वेळची नमाज यांवरून काहीच कळत नाही?

नाही. धर्म किती पाळतो आणि अतिरेकी किती आहे, ही दोन वेगळी मापं आहेत. मौलाना हुसैन अहमद मदनी उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या मदरशात वर्षानुवर्षं हदीस (प्रेषितांची वचनं) शिकवत होते. लांब दाढी, खादीचे कपडे, आचार अत्यंत कर्मठ. त्यांनी 1938 मध्ये ठणकावून मांडलं की या काळात राष्ट्र देशावरून बनतं, धर्मावरून नाही. हिंदू-मुसलमान मिळून एक कौम आहे. त्यासाठी इक्बालांसारख्या कवीशी त्यांचा जाहीर वाद झाला. फाळणीच्या विरोधात ते शेवटपर्यंत उभे राहिले.

आता उलटी बाजू पाहा. आधुनिक अतिरेकी विचाराला आकार देणारे इजिप्तचे सय्यद कुतुब साहित्यसमीक्षक होते, शिक्षण खात्यात नोकरीला होते; कैरोच्या अल-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठाचे आलिम (धर्मपंडित) नव्हते. अल-कायदाचा नेता अयमन अल-जवाहिरी शल्यचिकित्सक. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यातला मोहम्मद अता हॅम्बुर्गमध्ये नगररचना शिकत होता. आयसिसच्या भरतीचे अर्ज 2016 मध्ये बाहेर आले, त्यांत बहुसंख्यांनी शरियतचं आपलं ज्ञान 'प्राथमिक' असं लिहून दिलं होतं. मदरशात दहा वर्षं घासलेल्या माणसाला एकाच मसल्यावर सुन्नी धर्मशास्त्राच्या चार इमामांची चार मतं पाठ असतात. इंटरनेटवर दोन महिन्यांत धर्म शिकलेल्याला एकच मत ठाऊक असतं, आणि धोका तिथे असतो.

पण कुराणातच "काफिरांना मारा" लिहिलं आहे ना? मग मध्यममार्गी लोक लपवाछपवी करतात असंच झालं.

हा प्रश्न टाळून चालत नाही. नवव्या सूरेतली पाचवी आयत, जिला 'तलवारीची आयत' म्हणतात, तीत अनेकेश्वरवाद्यांना सापडतील तिथे ठार करण्याचा आदेश आहे. तो तिथे आहे. नाही म्हणण्यात अर्थ नाही.

आता तिच्या मागची आणि पुढची आयत वाचा. चौथ्या आयतीत, ज्यांनी तह पाळला त्यांना वगळलं आहे, त्यांच्याशी केलेला करार मुदत संपेपर्यंत पाळा असं सांगितलं आहे. सहाव्या आयतीत, त्याच अनेकेश्वरवाद्यांपैकी कोणी आश्रय मागितला तर त्याला आश्रय द्या आणि सुरक्षित जागी पोहोचवा, असं आहे. म्हणजे ज्यांनी तह मोडले त्या अरब टोळ्यांशी चाललेल्या युद्धाचा हा संदर्भ आहे. लढण्याची पहिली परवानगी बाविसाव्या सूरेत येते, ती ज्यांच्यावर अन्याय झाला आणि ज्यांना घराबाहेर काढलं त्यांना. त्याच ओघात मठ, चर्च, सिनेगॉग आणि मशिदी ही अल्लाहचं नाव घेतलं जाणारी ठिकाणं म्हणून एका दमात येतात. साठाव्या सूरेत, जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत त्यांच्याशी भलेपणानं आणि न्यायानं वागायला अल्लाह मना करत नाही, असं स्पष्ट आहे.

पण इथवर सांगून थांबलो तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. मध्ययुगातल्या अनेक भाष्यकारांनी, तलवारीच्या आयतीनं आधीच्या सलोख्याच्या कित्येक आयती रद्द झाल्या, असं मानलं. ते साम्राज्यांच्या काळातलं मत होतं, आणि आजचे अतिरेकी तेच उचलतात. ते हवेतून काही आणत नाहीत. इजिप्तचे मुहंमद अब्दुह, त्यांचे शिष्य रशीद रिदा, आणि पुढे 1958 ते 1963 या काळात अल-अझहरचे प्रमुख असलेले महमूद शलतूत यांनी या मताचा सविस्तर प्रतिवाद केला: सगळ्या आयती एकत्र वाचा, विषयवार लावा, म्हणजे युद्धाचं कारण आक्रमण आहे, समोरच्याची श्रद्धा नाही, हे दिसतं. मला ही मांडणी पटते. पण परंपरेत दोन्ही मतं आहेत हे मान्य करूनच ती मांडायला हवी. कुणी "असं काही लिहिलेलंच नाही" म्हणू लागलं, की कुराण उघडून बघणारा मुलगा त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

हे खूळ आधुनिक आहे की जुनं?

मूळ फार जुनं आहे. 657 साली सिफ्फीनच्या लढाईत हजरत अलींनी लवाद मान्य केला. त्यांच्याच सैन्यातला एक गट फुटून म्हणाला, निर्णय फक्त अल्लाहचा, माणसाला लवाद नेमणारा काफिर. हे खारिजी. 661 मध्ये त्यांच्यातल्याच एकानं कूफ्याच्या मशिदीत हजरत अलींवर तलवार चालवली. प्रेषितांचा चुलतभाऊ आणि जावई, आणि त्यालाच काफिर ठरवून मारलं. मुसलमान समाज या धक्क्यातून एक गोष्ट शिकला: मोठं पाप करणाराही इस्लामबाहेर जात नाही. हनफी मजहब (धर्मशास्त्राचा पंथ) ज्यांच्या नावानं चालतो, त्या इमाम अबू हनीफांनी ही भूमिका पक्की केली. आपल्या सातारा-सांगलीतले बहुतेक सुन्नी मुसलमान, मुलाणी असोत, शिकलगार असोत, बागवान असोत, हनफीच आहेत (कोकणात उतरलं की शाफई भेटतात). तेव्हा तकफीरविरोधी विचार आमच्याकडे बाहेरून आलेला नाही. आमच्या आजोबांचा मजहब तोच आहे.

मग विसाव्या शतकात काय बिघडलं?

हा सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग आहे, कारण सुधारक आणि अतिरेकी एकाच घरातून निघाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुसलमान देश एकेक करून युरोपच्या ताब्यात जात होते. आपण मागे का पडलो, हा प्रश्न जमालुद्दीन अफगाणी आणि अब्दुह यांनी विचारला. उत्तर दिलं: आंधळं अनुकरण सोडा, मूळ स्रोतांकडे जा, बुद्धी वापरा. अब्दुह 1899 मध्ये इजिप्तचे मुफ्ती झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या मुसलमानांनी विचारलं, ख्रिश्चनांनी कापलेलं मांस खावं का, युरोपियन हॅट घालावी का. त्यांनी दोन्हीला परवानगी दिली. आज हे क्षुल्लक वाटेल, त्या वेळी गदारोळ झाला.

"मूळ स्रोतांकडे जा" ही हाक मात्र दोन दिशांनी जाते. एका दिशेनं अली अब्दुर्राझिक गेले. तुर्कस्तानात 1924 मध्ये खिलाफत संपली आणि दुसऱ्याच वर्षी या अझहरी न्यायाधीशानं पुस्तक लिहिलं की प्रेषितांचं काम धर्माचं होतं, इस्लामनं कोणती राज्यपद्धती सांगितलेलीच नाही. अल-अझहरनं त्यांची आलिम ही पदवी काढून घेतली, न्यायाधीशपदही गेलं. दुसऱ्या दिशेनं हसन अल-बन्ना गेले. त्यांनी 1928 मध्ये इस्माइलियात मुस्लिम ब्रदरहूड काढली: धर्म, राज्य, शाळा, अर्थव्यवस्था, सगळं इस्लाममध्ये आहे. तिथे शाळा-दवाखाने चालले, पुढे एक गुप्त सशस्त्र विभागही उभा राहिला.

मग आले कुतुब. इजिप्तचे सत्ताधीश नासर यांच्या हत्येच्या प्रयत्नानंतर 1954 मध्ये ब्रदरहूडवर वरवंटा फिरला. कुतुब तुरुंगात गेले. तिथला छळ त्यांनी भोगला, डोळ्यांनी पाहिला, आणि त्यांच्या मनात प्रश्न उठला की असा छळ करणारे मुसलमान असू शकतात का. 1964 च्या त्यांच्या पुस्तकात उत्तर आलं: आजचे सगळे समाज, मुसलमान म्हणवणारेसुद्धा, इस्लामपूर्व अज्ञानयुगात आहेत. 29 ऑगस्ट 1966 ला त्यांना फाशी दिली. नासर सरकारनं त्यांचं पुस्तक संपवायला निघून ते अमर करून टाकलं, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते. कुतुब यांच्या विचारांना पहिलं सविस्तर उत्तर तुरुंगात असलेल्या ब्रदरहूडच्याच प्रमुखाकडून, हसन अल-हुदैबी यांच्याकडून आलं. त्यांच्या नावानं निघालेल्या पुस्तकाचं नावच 'आम्ही प्रचारक आहोत, न्यायाधीश नव्हे' असं आहे. हुदैबी स्वतः आधी न्यायाधीश होते. तोच तुरुंग, तोच छळ, पण निष्कर्ष उलटा: कलमा म्हणणाऱ्याला काफिर ठरवणं आपलं काम नाही.

कुतुब यांची वाट धरणारा अब्दुस्सलाम फरज हा इलेक्ट्रिकल इंजिनियर. शासकाविरुद्ध लढणं हे मुसलमान विसरलेलं कर्तव्य आहे, अशी पुस्तिका त्यानं लिहिली, आणि 6 ऑक्टोबर 1981 ला राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना गोळ्या घातल्या गेल्या. इजिप्तच्या मुफ्तींनी त्या पुस्तिकेचं मुद्देसूद खंडन लिहिलं. त्यातलाही गाभा हाच, की नमाज पढणाऱ्या राज्यकर्त्याला पापावरून काफिर ठरवता येत नाही.

मौलाना मौदूदी आपल्या औरंगाबादचे, हे खरं का?

खरं. 1903 मध्ये तिथेच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात जन्मले. मूळचे पत्रकार. गंमत अशी की विशीत ते जमियत उलेमा-ए-हिंदच्या 'अल-जमियत' या पत्राचे संपादक होते, ज्या संघटनेचे नेते पुढे मदनी झाले. 1941 मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी काढली. "सार्वभौमत्व फक्त अल्लाहचं" ही त्यांची राजकीय मांडणी कुतुब यांनी अरबीत नेली आणि जास्त धारदार केली. मौदूदींनी स्वतः छुप्या सशस्त्र बंडाला विरोध केला, पाकिस्तानात निवडणुका लढवल्या. त्यांना कुतुबांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल.

पण 1953 ची लाहोरची अहमदीविरोधी दंगल विसरता येत नाही (अहमदी हा पंथ बरेच उलेमा मुसलमान मानत नाहीत). त्या प्रकरणात मौदूदींना फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी झाली. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर यांच्या आयोगानं मोठमोठ्या उलेमांना एकच प्रश्न विचारला: मुसलमान म्हणजे कोण, व्याख्या सांगा. 1954 च्या अहवालात लिहिलं आहे की कोणत्याही दोघांची व्याख्या जुळली नाही, आणि एकाची स्वीकारली तर बाकीच्यांच्या दृष्टीनं आपण काफिर ठरतो. तकफीरचं राजकारण कुठे जातं, हे इतक्या स्वच्छपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

फाळणीनंतर भारतात राहिलेली जमात वेगळी झाली आणि तिची वाटचालही वेगळी झाली. तिच्यातून बाहेर पडलेल्या मौलाना वहिदुद्दीन खान यांनी 1963 मध्ये मौदूदींच्या मांडणीवर पुस्तकभर टीका लिहिली: धर्माचं केंद्र माणूस आणि ईश्वर यांचं नातं आहे, सत्ता नाही.

देवबंदी, बरेलवी, सलफी, तबलीगी यांतले अतिरेकी कोण आणि सूफी कोण, म्हणजे सोपं होईल.

सोपं होईल, पण चुकीचं होईल. देवबंदी म्हणजे देवबंदच्या मदरशाची परंपरा, बरेलवी दर्गे-पीर मानणारे, सलफी पहिल्या पिढ्यांच्या इस्लामकडे परत जाऊ पाहणारे, तबलीगी नमाजेकडे बोलावत फिरणारे. दर्ग्याला जाणारा तो मवाळ आणि दर्ग्याला विरोध करणारा तो कडवा, असं समीकरण आपल्याकडे घट्ट बसलं आहे. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ (कबरीवरची चादर) असतो, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात रात्रभर गाणं चालतं. ते पाहिल्यावर हे समीकरण खरं वाटणारच. मलाही तो उरूस जिवापाड प्रिय आहे.

तरीही पाकिस्तानातलं 2011 चं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांनी ईशनिंदेच्या आरोपात अडकलेल्या एका ख्रिश्चन बाईची बाजू घेतली, म्हणून त्यांच्याच अंगरक्षकानं त्यांना मारलं. तो मारेकरी बरेलवी परंपरेतला होता, दर्ग्यांना मानणारा. उलट सलफींमधला फार मोठा वर्ग राजकारणापासून लांब राहतो, राज्यकर्त्याविरुद्ध बंड हराम मानतो. तबलीगवाले तर नमाज, वुजू आणि सवयी सुधारण्यापलीकडे बोलतच नाहीत. तालिबान देवबंदी परंपरेतून आले हे खरं, आणि फेब्रुवारी 2008 मध्ये दारुल उलूम देवबंदमध्ये देशभरच्या उलेमांनी दहशतवादाला गैरइस्लामी ठरवलं, हेही खरं. पंथाची पाटी वाचून माणूस कळत नाही. वर सांगितलेला तोच प्रश्न प्रत्येकाला विचारावा लागतो.

आमच्या गावात नवे मौलाना आले. म्हणाले ताबूत, पंजे, गलेफ सगळं बंद करा, हा शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला पूजणं) आहे. याला अतिरेकी विचार म्हणायचं का?

हा प्रश्न एका मुलाणी गृहस्थांनी विचारला होता, आणि विचारताना त्यांचा आवाज चढला होता. गावच्या मोहरमात पिढ्यान्‌पिढ्या मान असलेल्या घरातला माणूस तो.

माझं उत्तर: "मला हे चूक वाटतं, मी करणार नाही, तुम्हीही करू नका" एवढंच म्हणणं अतिरेक नाही. धर्मातल्या चालीरीतींवर टीका करण्याचा हक्क सगळ्यांना आहे. सत्यशोधकांच्या जिल्ह्यांत हे वेगळं सांगायला नको. पण जो ताबूत बसवेल त्याच्या घरच्या जनाजाची नमाज पढणार नाही, त्याचा निकाह मोडला, त्याच्याशी सोयरीक करू नका, असं सुरू झालं की सीमा ओलांडली. तिथे गावच्या मुसलमान समाजानं मौलानांसमोर बसून सांगायला हवं की हा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही.

आणि माझं मन सांगायचं तर, या चाली गेल्या तर फार मोठं नुकसान आहे. कडेगावचे गगनचुंबी ताबूत बघा. त्यातले काही हिंदूंच्या मानाचे आहेत, खांदा द्यायला अठरापगड जाती असतात. वाळवा तालुक्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो. कोणत्याही पुस्तकात न मावणारा शेजारधर्म या गावांनी स्वतः घडवला. तो फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) कसोटीवर तोलत बसणाऱ्यांनी एकदा विचार करावा की त्याच्या जागी ते काय देणार आहेत.

1979 सालाचा उल्लेख सगळे का करतात?

कारण एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत इराणची क्रांती. नोव्हेंबरमध्ये मक्केच्या पवित्र मशिदीवर जुहैमान अल-ओतैबीच्या सशस्त्र टोळीचा ताबा. डिसेंबरमध्ये अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा. सौदी राजघराणं घाबरलं. देशात कर्मठांना मोकळीक मिळाली आणि तेलाच्या पैशावर त्यांची विचारसरणी जगभर पुस्तकं, मशिदी, शिष्यवृत्त्यांतून गेली. अमेरिका, पाकिस्तान, सौदी यांनी मिळून अफगाण जिहादला पैसा आणि शस्त्रं दिली. तिथे जमलेल्या अरब स्वयंसेवकांतून 1988 मध्ये अल-कायदा निघाली.

मुसलमान याचा निषेध का करत नाहीत?

करतात. मुंबईवरच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात नऊ अतिरेकी मारले गेले. त्यांना दफनायला मुंबईतल्या बडा कब्रस्तानच्या मुस्लिम विश्वस्तांनी साफ नकार दिला. मुसलमानाच्या दृष्टीनं मुसलमान मयताला कबर नाकारणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे सगळ्यांना कळेलच असं नाही. प्रेतं वर्षभराहून जास्त शवागारात राहिली. जानेवारी 2010 मध्ये सरकारनं ती गुपचूप पुरली.

जागतिक पातळीवर 2004 चा 'अम्मान संदेश' आहे. जॉर्डनच्या राजांनी सुन्नी-शिया विद्वानांना विचारलं, मुसलमान कोण, तकफीर करता येते का, फतवा कोणी द्यावा. 2005 च्या परिषदेत पन्नास देशांतल्या सुमारे दोनशे विद्वानांनी आठ फिकही पंथ वैध मानले आणि त्यांच्या अनुयायांना काफिर ठरवायला मनाई केली. सप्टेंबर 2014 मध्ये शंभरहून जास्त विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या बगदादी याला जाहीर पत्र लिहून, गुलामगिरी, पत्रकारांच्या हत्या, याझिदींवरचे अत्याचार यांचा एकेक मुद्दा शरियतच्याच आधारानं खोडला.

निषेधाची किंमतही लोकांनी मोजली आहे. सुदानचे महमूद मुहंमद ताहा 1985 मध्ये फाशी गेले. इजिप्तचे लेखक फरज फूदा 1992 मध्ये भररस्त्यात मारले गेले. नस्र अबू झैद यांना 1995 मध्ये कोर्टानं धर्मभ्रष्ट ठरवून त्यांचं लग्न मोडलं, त्यांना बायकोसह देश सोडावा लागला. हे सगळे धर्माच्या आत राहून बोलत होते.

स्वतःला मध्यममार्गी म्हणवणारे सगळे खरेच तसे असतात का?

नाही. युसूफ अल-करदावी 'मध्यममार्ग' या शब्दाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते होते. 9/11 चा त्यांनी निषेध केला, पण इस्रायलमधल्या आत्मघाती हल्ल्यांचं समर्थन केलं. मला ते मान्य नाही. सरकारी मध्यममार्गही तपासून घ्यावा. अनेक अरब राजवटी अतिरेक्यांविरुद्ध परिषदा भरवतात आणि साध्या टीकाकारालाही तुरुंगात घालतात. ताहांना फाशी देणारं तर सरकारच होतं.

हमीद दलवाई कुठे बसतात?

मध्यममार्गी आणि अतिरेकी या दोन्हींच्या बाहेर. समाजसुधारक दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला, 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ते आयतींचा नवा अर्थ लावत बसले नाहीत. त्यांचा पाया संविधान आणि बुद्धिवाद. मध्यममार्गी आलिम आतून दार उघडतो, दलवाई बाहेरून धडका देत होते. असगर अली इंजिनियर यांनी आतली वाट निवडली. फजलुर रहमान या पाकिस्तानी विचारवंतांनी तिला शास्त्रीय रूप दिलं: आधी आयतीच्या काळात जा, तिचा नैतिक हेतू शोधा, मग तो हेतू घेऊन आजच्या काळात या. त्यांनाही 1968 मध्ये देश सोडावा लागला.

तलाकच्या बाबतीत मी दलवाईंचा ऋणी आहे, हे स्पष्ट लिहितो. आतल्या वाटेनं जाणाऱ्यांनी फार वेळ लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 22 ऑगस्ट 2017 उजाडला. 1966 च्या मोर्चातल्या बायकांना तोवर अर्धं शतक उलटून गेलं होतं.

मध्यममार्ग कुठे मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाला आहे का?

इंडोनेशियात. मुहम्मदिया (1912) आणि नहदलतुल उलमा (1926) या तिथल्या दोन संघटनांचे कोट्यवधी अनुयायी आहेत, त्यांच्या शाळा, दवाखाने, विद्यापीठं आहेत. नहदलतुल उलमाच्या आलिमांनी 2019 मध्ये ठराव केला की बिगरमुस्लिम देशबांधवांना काफिर म्हणू नये, ते बरोबरीचे नागरिक आहेत. 2000 सालच्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री याच संघटनेच्या तरुण दलातला एक पोरगा चर्चच्या राखणीला उभा होता. आत सापडलेला बॉम्ब तो बाहेर घेऊन धावला आणि त्या स्फोटात गेला.

ट्युनिशियात एन्नहदा पक्षानं 2016 मध्ये धर्मप्रचार आणि राजकारण वेगळं केलं. पुढे तिथली लोकशाहीच आवळली गेली, हे दुर्दैव.

मिरजेची 2009 ची दंगल, पुसेसावळीचं 2023 चं प्रकरण, यांचा या विषयाशी काय संबंध?

विचारसरणीशी थेट संबंध नाही. मिरजेत कमानीवरच्या चित्रावरून पेटलं. पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. दोन्हीकडे कुतुब किंवा मौदूदी कोणाच्या डोक्यात नव्हते.

पण परिणामाचा संबंध आहे. आयसिसनं 2015 मध्ये आपल्या मासिकात लिहिलं होतं की मुसलमान आणि इतर जिथे मिसळून राहतात तो करडा पट्टा संपवायचा. हल्ले करून इतरांना इतकं चिडवायचं की मुसलमानाला राहायला जागाच उरणार नाही. कडेगाव, गोटखिंडी, मिरजेचा उरूस हा तोच करडा पट्टा आहे. तो कोणत्याही बाजूच्या दगडानं फुटला तरी त्यांचंच काम होतं.

सर, आमचा पुतण्या दिवसभर असले व्हिडिओ बघतो. काय करू?

आधी घाबरू नका आणि मोबाइल फोडू नका. बहुतेक मुलं कुतूहलानं बघतात आणि सोडून देतात. लक्ष याकडे द्या: तो आजीच्या फातेहाला, बापाच्या नमाजेला "हे इस्लाम नाही" म्हणायला लागलाय का? जुने मित्र, विशेषतः हिंदू मित्र, तोडतोय का? मोहल्ल्याच्या इमामाला काफिर किंवा मुनाफिक (ढोंगी) म्हणतोय का?

असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्याला प्रश्न विचारा. हे सांगणारा कोण, कुठे शिकला, कोणाचा शागीर्द, कोणत्या मजहबचा? चारही इमामांचं यावर मत काय? या प्रश्नांची उत्तरं व्हिडिओत नसतात. मग त्याला खऱ्या जाणकार आलिमाकडे न्या, जो त्याच्या रागालाही उत्तर देईल. राग पुष्कळदा खरा असतो: गाझा, इराक, इथला अपमान. तो राग खोटा ठरवला की मुलगा हातचा जातो. 2014 मध्ये कल्याणची चार मुलं इराकला गेली, तेव्हा घरच्यांना पत्ता लागला तो ती गेल्यावर. प्रत्यक्ष घातपाताची भाषा किंवा पैसे-प्रवासाची तयारी दिसली तर मात्र पोलिसांकडे जायला एक दिवसही लावू नका. महाराष्ट्र एटीएसनं अशा मुलांना समुपदेशनानं परत आणण्याचं काम केलेलं आहे; गेलं की थेट जेल, असं दरवेळी होत नाही.

या विचारातून कोणी परत आलं आहे का?

आलं आहे, आणि एकटं-दुकटं नाही. सादात यांच्या हत्येत सामील असलेल्या इजिप्तच्या 'अल-गमाआ अल-इस्लामिया'च्या तुरुंगातल्या नेत्यांनी जुलै 1997 मध्ये हिंसा थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच बंडखोरांनी लक्सरला 58 पर्यटक आणि 4 इजिप्शियन मारले; तरी नेते मागे हटले नाहीत. 2002 पासून त्यांनी पुस्तकांची मालिका काढली आणि आपण कुठे चुकलो ते फिकहच्या आधारानं लिहिलं. 2007 मध्ये सय्यद इमाम यांनीही शस्त्र खाली ठेवण्याची मांडणी केली. हे महत्त्वाचं, कारण जिहादी गटांत वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकासारखी वाचली जाणारी पुस्तकं याच माणसानं लिहिली होती.

तुरुंगात लिहिलेलं आहे, दबावाखाली असेल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो गैर नाही. पण जवाहिरीनं आधी त्याची टर उडवली आणि मग 2008 मध्ये त्याला उत्तर म्हणून सुमारे दोनशे पानांचं पुस्तक लिहिलं. लपूनछपून राहणाऱ्या माणसाला तेवढा वेळ त्यासाठी काढावा लागला.